मीटर कुणाशी बोलतो? वाचकांचे प्रश्न, विजेची उत्तरं

प्रश्न : वडूजला आमच्या घरी नवा मीटर बसला. बसवणारी मुलं म्हणाली, ‘काकू, आता रीडिंगला कुणी येणार नाही, हा स्वतःच सांगतो.’ आळीतले सगळे म्हणतात, हा मीटर पळतो. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, घरघंटी दिवसा लाव, स्वस्त पडेल. तर हा मीटर बोलतो कुणाशी, काय बोलतो, खरंच पळतो का? आणि दिवसाची वीज रात्रीच्या विजेपेक्षा स्वस्त कशी? वीज ती वीजच ना?
*– एक वाचक, वडूज (जि. सातारा)*

उत्तर : चारही प्रश्नांत शेवटचा सगळ्यात चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

वीज ती वीजच, पण ती मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं अजूनही महागाचं काम आहे. तुम्ही घरघंटीचं बटण दाबलंत की त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्रात तेवढी वीज जास्त तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा तोल जरा ढळला की देशभरच्या तारांमधली वारंवारता, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची जी ठरलेली चाल आहे, ती वरखाली होते. ऐरोलीजवळच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेली माणसं दिवसरात्र याच आकड्यावर डोळा ठेवून असतात. करोनाच्या टाळेबंदीतली ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवत असेल. नऊ वाजता नऊ मिनिटं घरोघरचे दिवे बंद झाले आणि देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली. आपण गच्चीवर पणत्या लावत होतो तेव्हा भार प्रेषण केंद्रांत लोकांना घाम फुटला होता. तोल सावरला तो मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी. पाण्यावरचं टर्बाइन मिनिटांत कमी-जास्त करता येतं, कोळशाच्या बॉयलरला तास लागतात. महाराष्ट्रात हे काम सगळ्यात जास्त कोयना करते. धरण तुमच्या जिल्ह्यात, मुख्य वीजघरं घाटाखाली पोफळी-अलोऱ्याच्या बाजूला, एकूण क्षमता १,९६० मेगावॉट.

आता दर. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त असायची. लोक झोपलेले, कारखाने अर्धे बंद, पण कोळशाचे संच रात्रीपुरते विझवता येत नाहीत, त्यामुळे वीज उरायची. म्हणून कारखान्यांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती. आणि म्हणूनच शेतकऱ्याला रात्री मोटारीवर पाठवलं जायचं. ते त्याच्या सोयीसाठी कधीच नव्हतं, उरलेल्या विजेच्या सोयीसाठी होतं. गेल्या काही वर्षांत सौर ऊर्जा एवढी वाढली की गणित उलटलं. आता उरते ती दुपारी. ऊन कलल्यावर, संध्याकाळी सात वाजता घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात तेव्हा सौर पॅनेल झोपलेली असतात, आणि महागातली वीज घ्यावी लागते किंवा कोयनेचं पाणी सोडावं लागतं. ते पाणीही मोजूनमापून मिळालेलं आहे. पश्चिमेकडे किती वळवायचं याची मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने घातलेली आहे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून ‘वेळेनुसार दर’ आणले. सौर तासांत किमान २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग, असा त्याचा गाभा. शेती त्यातून वगळलेली आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासूनच्या दरांत घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत ठेवली गेली. दराचे आदेश बदलत असतात, त्यांवर फेरविचार आणि कोर्टकज्जे होत असतात, तेव्हा चालू आकडा बिलावरच पाहावा. महिन्यातून एकदा वाचल्या जाणाऱ्या जुन्या मीटरला यातला कुठलाच तास कळत नाही. नवा मीटर बसवण्याचं हे खरं तांत्रिक कारण आहे.

मुलाच्या सल्ल्याचा हिशेब करू. घरघंटी एक अश्वशक्तीची, म्हणजे साधारण पाऊण किलोवॉटची. रोज तासभर दिवसा चालवलीत तर पाऊण युनिटावर ६० पैसे वाचले, महिन्याला १८ रुपये. टाकीत पाणी चढवायची मोटार दुपारी लावलीत तर आणखी थोडे. फ्रिज चोवीस तास चालतोच, त्याचा एक तृतीयांश वापर आपोआप सवलतीत येतो. गिझर मात्र पहाटेच लागणार, तो काही तुम्ही दुपारी लावणार नाही. सगळं मिळून चहापाण्याचा खर्च निघेल. मुलगा खोटं बोलत नाही, पण या आकड्यावर फार नाचण्यासारखंही काही नाही. फायदा दिसतो तो बेरजेत. एक लाख घरांनी घरघंटी संध्याकाळऐवजी दुपारी लावली तर गर्दीच्या तासातून ७५ मेगावॉट मागणी हलते.

हे करायला मीटरच लागतो असंही नाही. २००५ च्या सुमारास भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र अंधारात होता तेव्हा ‘अक्षय प्रकाश योजना’ आली होती. गावाने ठरवायचं की संध्याकाळी पाच ते रात्री अकरा शेतीपंप, शेगड्या, हिटर लावायचे नाहीत. त्या बदल्यात दिवे-पंख्यांसाठी गावची वीज जाणार नाही. वीजचोरीचे आकडे पकडायला रात्री गावकरीच फिरायचे. अनेक गावांनी ती मनावर घेऊन चालवली. मला ती योजना आजच्या कितीतरी यंत्रांपेक्षा हुशार वाटते, कारण फायदा सगळ्या गावाला डोळ्यांनी दिसत होता. आज दिवसाची सवलत बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते.

आता मीटर काय बोलतो ते. आत एक चिप आहे. दाब आणि प्रवाह सेकंदाला हजारो वेळा मोजून ती गुणाकार करते आणि बेरीज ठेवत जाते. पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा एक-एक कप्पा भरला की तो आकडा स्मरणात ठेवायचा, आणि ठरल्या वेळी सिमकार्डावरून किंवा शेजारच्या मीटरांना हात लावत रेडिओ लहरींवरून कंपनीच्या संगणकाकडे पाठवायचा. दिवसातून किमान एकदा रीडिंग दुरून घेतलं गेलं पाहिजे, असा नियम आहे. सोबत दाब किती होता, सर्वांत जास्त भार किती पडला, कुणी झाकण उघडलं का, चुंबक लावलं का, हेही जातं. वीज गेली की विझता विझता ‘गेली’ असा एक निरोप तो पाठवू शकतो. तुम्ही घरात काय बोलता हे त्याला कळत नाही. पण अर्ध्या अर्ध्या तासाचे आकडे समोर ठेवले तर घरातली माणसं कधी उठतात, कधी गावाला गेली, हे हुशार माणसाला सांगता येतं. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये याच मुद्द्यावर सक्तीचे स्मार्ट मीटर नाकारले होते आणि सरकारला कायदा बदलून ग्राहकाला नकाराचा हक्क द्यावा लागला. आपल्याकडे हा प्रश्न चावडीवर फारसा निघत नाही. निघायला हवा.

राहिला पळण्याचा प्रश्न. मीटर पळतो असं वाटण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. जुनी फिरत्या चकतीची मीटरं वयाबरोबर घर्षणाने मंदावतात, आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, मोबाइलचा चार्जर असला चार-पाच वॉटचा भार त्यांना जाणवतही नाही. नव्याला जाणवतो. काही घरांत महिनोन् महिने ‘सरासरी’ बिलं येत असतात, खरं रीडिंग सुरू झालं की एकदम उडी दिसते. आणि एक कारण फार कुणी सांगत नाही. नवे मीटर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल तो धरतात. जुन्या वाड्यात शेजाऱ्याचा न्यूट्रल तुमच्या तारेला जोडलेला असेल, किंवा ओल्या भिंतीतून वीज जमिनीत झिरपत असेल, तर ते आता तुमच्या बिलावर दिसतं. दोष घरातल्या वायरिंगचा, नाव मात्र मीटरचं. अर्थात मीटरही चुकतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत काही इलेक्ट्रॉनिक मीटरांनी विशिष्ट दिवे आणि डिमर जोडल्यावर खऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त आकडा दाखवला होता. परिस्थिती मुद्दाम टोकाची निवडलेली होती, पण मीटर चुकूच शकत नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांनी त्या चाचण्या वाचाव्यात.

घरच्या घरी तपासायचं असेल तर मेन स्विच पाडा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला पाहिजे. मग बाकी सगळं बंद ठेवून फक्त एक हजार वॉटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत लावा. मीटरवर ‘एका युनिटाला इतके ठोके’ असा आकडा छापलेला असतो. समजा ३,२०० आहे, तर मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकायला हवा. कमी भरले तर लगेच मीटर मंद आहे म्हणून खूश होऊ नका. खेड्यात दाब २३० ऐवजी २०० व्होल्ट असेल तर तो रॉड जेमतेम ७५० वॉटच घेतो आणि ठोके चाळीसच भरतात. जास्त भरले, तर तक्रार करा. फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार तक्रारीनंतर पाच दिवसांत वीज कंपनीने शेजारी दुसरा तपासणी मीटर लावून किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे असतात. तोंडी बोलू नका. अर्ज लिहा, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे, आणि मंचापुढे वकील लागत नाही.

प्रश्न : आमचा गलाईचा धंदा. भाऊ पाटण्याला, मी विट्यात. तिकडे दुकानाला रिचार्जचा मीटर आहे, पैसे संपले की लाईट कट. भट्टी चालू असताना गेली की सोनं तसंच. आपल्याकडेही हेच येणार का? आणि मीटर फुकट म्हणतात, ते खरं का?
*– एक वाचक, विटा (जि. सांगली)*

उत्तर : खानापूर, आटपाडी, माण, खटावचे सोनं-चांदी गाळणारे गलाई बांधव देशभर पसरलेले असल्यामुळे कुठल्या राज्यात काय चाललंय याची बातमी विट्याला सरकारच्या आधी पोचते. बिहारने मोठ्या प्रमाणावर प्रीपेड स्मार्ट मीटर सगळ्यांत आधी लावले, २०१९ पासून. वसुली सुधारली आणि आंदोलनंही झाली, दोन्ही खरं.

आपल्याकडची गोष्ट वळणं घेत गेली. केंद्राने जून २०२१ मध्ये वितरण क्षेत्र सुधारणेची मोठी योजना मंजूर केली, ३ लाख ३ हजार कोटींहून अधिक रुपयांची. तिच्यात देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचं लक्ष्य होतं. महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटं दिली. बारामती आणि पुणे परिमंडलं अदानींकडे गेली, आणि सातारा जिल्हा बारामती परिमंडलात येतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात जीनस, माँटेकार्लो, एनसीसी अशा कंपन्या आल्या. मग लोकसभा निवडणूक झाली, विरोध वाढला, आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. त्याच्याच आगेमागे वडोदऱ्यात लोक रस्त्यावर आले होते आणि गुजरातनेही हात आखडता घेतला होता. पुढे आपल्याकडे घरोघरी बसू लागले ते ‘टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दराचे) मीटर’ या नावाने. बिल आधीसारखंच महिनाअखेर येतं. मात्र आतलं यंत्र दुरून जोड-तोड करू शकणारंच आहे. प्रीपेड करायचं की नाही हा यंत्राचा प्रश्न राहिलेला नाही, धोरणाचा आहे. धोरण एका निवडणुकीत बदललं होतं, पुन्हा बदलणार नाही असं मी तरी लिहून देणार नाही.

रिचार्ज पद्धतीचा एक फायदाही सांगतो. २००३ च्या वीज कायद्यानुसार प्रीपेड घेणाऱ्याकडून सुरक्षा अनामत घेता येत नाही. भाड्याच्या गाळ्यात धंदा असणाऱ्याला तेवढी रक्कम मोकळी होते. दुसऱ्या बाजूला, थकबाकीसाठी वीज तोडायची तर त्याच कायद्यात १५ दिवसांची लेखी नोटीस आहे. रिचार्ज संपल्यावर ती सोय राहत नाही. मोलमजुरी करणाऱ्या घराला त्या पंधरा दिवसांची किंमत फार असते, आणि भट्टीसमोर बसलेल्या तुमच्या भावाला पंधरा मिनिटांचीसुद्धा.

फुकटाबद्दल. बसवताना तुमच्याकडून पैसे घेत नाहीत, एवढंच खरं. एका मीटरमागे कंत्राटाची किंमत साधारण १२ हजार रुपये पडते. त्यात मीटर, सिमकार्ड, संगणक, पुढच्या काही वर्षांची देखभाल सगळं आलं. केंद्राचं मूळ अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेले वितरण कंपनीने दरमहा ठेकेदाराला द्यायचे. कंपनी म्हणते, गळती कमी होईल त्यातून देऊ. इचलकरंजीच्या प्रताप होगाडे यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना म्हणते, शेवटी ते दरातच येणार. दोघांचा वाद एका आकड्यावर येऊन थांबतो : गळती किती कमी झाली. ती मोजायची कशी, ते मायणीच्या प्रश्नात पाहू.

प्रश्न : आमच्या डोंगरावर पवनचक्क्या गरगर फिरत असतात आणि खाली गावात लाईट नसते. असं कसं?
*– एक विद्यार्थी, ढालगाव (ता. कवठे महांकाळ)*

उत्तर : तुझ्यासारखाच प्रश्न साताऱ्यात चाळकेवाडी-वनकुसवडे पठाराखालची माणसंही वर्षानुवर्षं विचारत आहेत. पवनचक्कीची वीज थेट खालच्या गावात येत नाही. ती आधी उपकेंद्रात जाते, तिथे दाब वाढवला जातो आणि ती उच्चदाबाच्या जाळ्यात मिसळते. हे जाळं आता अख्ख्या देशाचं एकच आहे. दक्षिणेचं जाळं वेगळं होतं, ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने बाकी देशाला जोडलं गेलं. तुझ्या गावची लाईट जाते ती बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावर : डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज, वादळात तारेवर पडलेली फांदी, ११ केव्हीचा तुटलेला जंपर. डोंगरावर कितीही वीज तयार होवो, शेवटचा दोनशे मीटरचा रस्ता तुटला तर तुझ्या घरी अंधारच.

मग जवळची पवनचक्की गावाला थेट जोडून टाकावी, असं तू म्हणशील. पण वीज दुरुस्तीला वायरमन खांबावर चढलेला असताना तारेत कुठूनही वीज येता कामा नये, म्हणून जाळं बंद पडलं की जोडलेल्या साध्या यंत्रांनी स्वतःहून बंद व्हायचं असा दंडक आहे. छपरावरच्या सौर पॅनेललाही तोच लागू. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. शंभराच्या आसपास जोडण्या आणि ११२ किलोवॉट सौर क्षमता. गावाचं बिल जवळजवळ शून्यावर आलं, पण बॅटरी नसेल तर असल्या गावातही लाईन गेली की भर दुपारी पंखा थांबतो. जाळ्यापासून तुटून आपल्यापुरतं चालायचं आणि लाईन आली की पुन्हा बिनबोभाट जोडून घ्यायचं, हे करणारी यंत्रं आणि बॅटऱ्या आहेत, पण स्वस्त नाहीत. अभियांत्रिकीला जाणार असशील तर हा विषय लक्षात ठेव.

प्रश्न : विहिरीवरच्या साडेसातच्या मोटारीला आता बिल नाही. मग मीटर कशाला हवा? आणि डीपी जळायची थांबणार असेल तर सांगा, बाकी आम्हाला काही नको.
*– एक शेतकरी, मायणी (ता. खटाव)*

उत्तर : शेवटच्या वाक्यात तुम्ही खरी गोष्ट पकडलीत.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने’त एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं बिल नाही, ते सरकार कंपनीला देतं. मोटारीला स्मार्ट मीटर लावायचं घाटत नाही. पण सरकारने पैसे द्यायचे तर किती युनिटांचे, हा प्रश्न उरतोच. राज्यातल्या लाखो पंपांना मीटरच नाहीत, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. हा अंदाज फुगवून त्याच्या पोटात चोरी आणि गळती लपवली जाते, असं ग्राहक संघटना कितीतरी वर्षं सांगत होत्या. पुढे वीज नियामक आयोगाने फीडरवरच्या नोंदी पाहून कंपनीचे शेतीवापराचे आकडे कापले. म्हणजे कुणाच्याही दारावर न जाता, उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीच्या तोंडाशी एक विश्वासू मीटर असला तरी खोटं उघडं पडतं.

त्याच्या एक पायरी खाली आहे डीपी. दूध संस्थेत प्रत्येकाने घातलेलं दूध वहीत असतं आणि टँकरमध्ये गेलेलं वेगळं मोजलं जातं. दोन्हींत फरक आला की सचिवाला उत्तर द्यावं लागतं. डीपीवर मीटर असला की विजेतही तेच करता येतं. डीपीने शंभर युनिट दिले, घरोघरच्या मीटरांची बेरीज पंच्याऐंशी, तर पंधरा कुठे गेले? देशात सरासरीने शंभरातले पंधरा-सोळा युनिट असेच जातात, काही तारा तापण्यात, काही आकड्यांवर, काही न भरलेल्या बिलांत. पण सरासरी कुणालाच बोचत नाही. अमुक डीपीवर पंधरा आणि तमुक डीपीवर चाळीस असं कळलं तरच काही होतं. म्हणून माझं मत असं की खटावसारख्या तालुक्यात घराच्या दारावरच्या मीटरआधी डीपीवरचा मीटर बसायला हवा होता. केंद्राच्या योजनेत फीडर आणि डीपी दोन्ही आहेत. पण वर्तमानपत्रात भांडण होतं ते दारावरच्या मीटरचं, कारण बिल तिथे फाडलं जातं.

आता डीपी जळण्याचं. कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, तरी क्रमाने सांगतो. ६३ केव्हीएची डीपी, तिच्यावर मंजूर भार जेमतेम बसणारा, प्रत्यक्षात मोटारी त्याहून जास्त, कुणी पाचची सांगून साडेसातची बसवलेली. रात्री बारा वाजता थ्री फेज येते तेव्हा शेतात कुणी नसतं, सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो स्विच. एका सेकंदात पंचवीस मोटारी एकदम सुरू होतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. दाब कोसळतो, मोटारी घों-घों करत राहतात, प्रवाह आणखी वाढतो, आणि फ्यूजच्या जागी कुणी तरी जाड तार बांधलेली असल्यामुळे फ्यूजऐवजी वेटोळं जळतं. ऐन पिकाला पाणी हवं तेव्हा आठ-दहा दिवस डीपीची वाट पाहायची, आणि वर्गणी निघते ती वेगळीच.

मीटर यातलं काहीही थांबवत नाही. तो सांगू मात्र शकतो : या डीपीवर रोज रात्री साडेबारापासून तीनपर्यंत क्षमतेच्या दीडपट भार असतो, एका फेजवर दुसऱ्याच्या दुप्पट. तेल तापायच्या आधी ही माहिती शाखा अभियंत्याच्या टेबलावर असते. ती वाचून कुणी १०० केव्हीएची डीपी मंजूर केली, फेजवरचा भार सारखा वाटला, तर जळणं थांबेल. वाचलीच नाही तर डीपी कोणत्या मिनिटाला जळली याची पक्की नोंद तेवढी आपल्याकडे राहील. इटलीत एनेल कंपनीने २००१ ते २००६ या काळात घरोघरी तीन कोटींच्या आसपास बोलणारे मीटर बसवले, पण बोलावल्यावर येणारा वायरमन आणि दुरुस्तीची गाडी असेल तरच असले मीटर उपयोगी पडतात. आपल्याकडे एका वायरमनकडे किती गावं असतात ते तुम्हाला माहीत आहे.

खरा फरक दुसरीकडून पडू शकतो. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीपासून सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राच्या जवळपास पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, असं १६ हजार मेगावॉटचं काम हाती घेतलं आहे. खटाव-माणच्या माळावर ऊन कमी नाही आणि पडीक जमीनही कमी नाही. जिहे-कठापूरचं कृष्णेचं पाणी नेरच्या तलावात येऊन येरळेत उतरू लागल्यावर ते उपसायला मोटारीही वाढणार. दिवसा वीज आली की माणूस स्वतः विहिरीवर असतो, ऑटो स्विचची गरज संपते, पंचवीस मोटारी एका सेकंदात सुरू होत नाहीत. साप-विंचवाचं भय जातं ते वेगळं.

तुमच्या फीडरवर दिवसाची वीज अजून आली नसेल, तर तोवर डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून दोन गोष्टी करता येतात. ऑटो स्विच काढता येत नसेल तर निदान त्याला वेळ लावणारा टायमर बसवा आणि प्रत्येकाने वेगळा आकडा धरा : एकाने दोन मिनिटं, दुसऱ्याने चार, तिसऱ्याने सहा. आणि कॅपॅसिटर लावा, जळालेला असेल तर बदला. तीनच्या मोटारीला एक केव्हीएआर, पाचच्याला दोन, साडेसातला तीन. दुकानदाराला एवढं सांगितलं की पुरतं. प्रवाह उतरतो, दाब थोडा उचलतो, आणि किंमत वर्गणीतल्या तुमच्या वाट्यापेक्षा कमीच पडते.